मातीविना हळद, गच्चीवर मिरी

तुमच्याही मोबाइलवर तो व्हिडिओ कधीतरी आलाच असेल. पांढरंशुभ्र पॉलिहाऊस, आत ओळीने मांडलेले पाइप, पायाला चिखल न लागलेला एक तरुण आणि मागून आवाज : माती नको, तण नाही, मजूर नाही, अर्ध्या एकरात मिरी, व्हॅनिला, हळद आणि वर्षाला अमुक लाख! माझ्या भाच्याने तो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं, "मावशी, तुझ्या गच्चीवर हेच आहे ना? खरं आहे का हे?"

प्रश्न गमतीचा नव्हता. पुण्यातली नोकरी सोडून तो सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतला होता. वाट्याला अर्धा एकर जमीन आली होती, आणि कुठल्याशा कंपनीचा माणूस दोनदा घरी येऊन चहा पिऊन गेला होता. कंपनी पॉलिहाऊस उभारणार, रोपं देणार आणि तयार माल परत विकत घेणार. पैसे मात्र याने घालायचे, तेही जमीन तारण ठेवून.

मी हो किंवा नाही काहीच लिहिलं नाही. लिहिलं, "आठ दिवस इकडे ये. आणि मे महिन्यात ये."

इकडे म्हणजे गुरुग्रामला. आम्ही चार मजली इमारतीत सगळ्यात वर राहतो, म्हणून गच्ची आमच्याकडे आहे. तिथे दहा बाय पंधरा फुटांचं छोटंसं हरितगृह आहे. जीआय पाइपचा सांगाडा, त्यावर २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, उन्हाळ्यात वरून सावलीची हिरवी जाळी. आत आलं, हळद, मिरीच्या झुडपांच्या सहा कुंड्या, दोन पपया, चार अननस, एक कृष्णफळाचा वेल आणि एक व्हॅनिला. माती कुठेच नाही. सगळं कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, आणि प्रत्येक झाडाला बारीक नळीतून थेंब थेंब खतपाणी. सासूबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. पहिल्यांदा आत शिरल्या तेव्हा त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "ह्या झाडांका सलाईन कित्याक लावलंस गो?" तेव्हापासून आमच्या घरात हरितगृहाला 'दवाखाना' म्हणतात.

हा दवाखाना उभा राहिला तोही त्यांच्यामुळेच. हळदीच्या पानाशिवाय पातोळी त्यांना मान्य नाही. दिल्लीच्या आयएनए मार्केटात पुष्कळ काही मिळतं, पण ऐन नागपंचमीला ताजं, ओलं, रुंद हळदीचं पान मिळेलच याचा भरवसा नसतो. तुम्ही म्हणाल, मग कुंडीत मातीत का नाही लावली? जरूर लावता येते आणि छान येते. तुमच्याकडे अंगण असेल तर पाइप, पंप, मीटर यांच्या भानगडीत पडूच नका. आमची अडचण वजनाची होती. ओली माती फार जड. शंभर कुंड्या गच्चीवर चढवल्या असत्या तर खालच्या मजल्यावरच्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं असतं. कोकोपीट हलकं, आणि पाणी हवं तेवढंच. म्हणून हा मार्ग.

मातीविना शेती ही कल्पना काही मोबाइलबरोबर आलेली नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले विल्यम गेरिक यांनी १९३०च्या दशकात नुसत्या पोषक पाण्यावर उंचच उंच टोमॅटो वाढवून दाखवले आणि 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द रूढ केला. आपल्याकडेही ती लवकर आली. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात शॉल्टो डग्लस नावाच्या गृहस्थांनी बंगालमध्ये कालिम्पाँगला प्रयोग केले. साधी खडी, स्वस्त वाफे, पंप नाही, कोरडी खतं हाताने पसरायची आणि वरून पाणी शिंपडायचं. 'बंगाल पद्धत' या नावाने त्यांचं पुस्तक १९५१मध्ये आलं. गरिबाला परवडेल अशी पद्धत शोधणं हा त्यांचा हेतू होता. आजच्या व्हिडिओंमधून नेमकी तीच बाजू गळून पडलेली दिसते.

भाचा आला तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या हातात दोन छोटे मीटर दिले, एक टीडीएसचा आणि एक पीएचचा, आणि सांगितलं की आठ दिवस दवाखान्याचा डॉक्टर तू. मी फक्त बघणार.

पहिलं काम पाण्याचं. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस ९००च्या आसपास असतो. त्यात आधीच इतके क्षार विरघळलेले असतात की झाडाला हवी ती खतं मिसळायला जागाच राहत नाही. घरातल्या आरओचं वाया जाणारं पाणी वापरू का, असं त्याने विचारलं. ते तर आणखी खारट, कारण गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच जातात. फरशी पुसायला ते ठीक. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी टाक्यांत साठवून आम्ही भागवतो, एरवी आरओचं शुद्ध पाणी आणि बोअरचं पाणी एकत्र करतो. मग खतं. ती दोन वेगळ्या डब्यांत असतात. कॅल्शियम नायट्रेट एकात. मॅग्नेशियम सल्फेट आणि फॉस्फेट दुसऱ्यात. घट्ट द्रावणं एकमेकांत ओतली तर खाली पांढरा साका बसतो आणि ते अन्न झाडाच्या उपयोगाचं राहत नाही. शेवटी पीएच. आमचं पाणी अल्कधर्मी, त्यामुळे अगदी थोडं फॉस्फरिक आम्ल घालून ते साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये आणावं लागतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच. घरात लहान मुलं असतील तर ही बाटली कुलपात ठेवा.

तो म्हणाला, "मावशी, हे रोज?"

रोज. मातीत चूक झाली तर माती ती पोटात घालते. पाणी जास्त झालं तर निचरा करते, खत जास्त झालं तर धरून ठेवून हळूहळू सोडते. शिवाय तिच्यातले कोट्यवधी जीव बिनपगारी कामाला असतातच. इथे ते सगळं काम तुमच्या अंगावर येतं. तण नाही हे खरं, खुरपणी नाही हेही खरं. पण 'कष्ट नाही' हे वाक्य ज्याने व्हिडिओत म्हटलं, त्याने मे महिन्यात पंप बंद पडलेला पाहिलेला नसावा.

आमच्याकडे तो तिसऱ्या दिवशी बंद पडला. दुपारी दोनची वेळ, बाहेर ४४ अंश आणि वीज गेलेली. आत उकाडा इतका चढला की भाच्याच्या चष्म्यावर घाम ठिबकत होता. आमच्याकडे एका टोकाला ओली जाळी आणि दुसऱ्या टोकाला हवा ओढणारा पंखा आहे. म्हणजे मोठा कूलरच म्हणा. इथली हवा मेमध्ये कोरडी असल्याने तो उत्तम चालतो, आतलं तापमान ३४-३५ अंशांवर येतं. वीज गेली की ते संपलं. आम्ही दोघांनी बाजूचे पडदे गुंडाळून वर केले, बादल्यांनी जमीन ओली केली आणि अडीच तास वाट पाहिली.

झाडं वाचली, कारण ती कोकोपीटमध्ये होती. भिजलेलं कोकोपीट बराच वेळ ओल धरतं. व्हिडिओतल्या पाइपांत मुळांना फक्त पाण्याची पातळ धार मिळत असते. अशा उन्हात धार थांबली की तासा-दोन तासांत मुळं सुकायला लागतात. अर्ध्या एकराला म्हणजे जनरेटर, डिझेल आणि रात्री दोनला उठून तो सुरू करणारा माणूस हवा. माणूस कोण, हे भाच्याला सांगावं लागलं नाही. तो गप्प बसून पंख्याकडे बघत होता.

जुलैमध्ये तोच कूलर निरुपयोगी होतो बरं का. हवेतच इतका दमटपणा असतो की ओल्या जाळीतून हवा थंड होऊन येत नाही. तेव्हा खतपाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम असतो, ३५ अंशांना तो ७पर्यंत उतरतो. मुळांचा जीव गुदमरला की कुजवणाऱ्या बुरशीला मोकळं रान. आणि जानेवारीत? इथे धुकं पडतं, आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, रात्री पारा पाचपर्यंत जातो.

इथे एक गोष्ट मला फार उपयोगी वाटते, ती तुम्हालाही सांगते. आलं आणि हळद हिवाळ्यात आपणहून झोपतात. एप्रिलमध्ये लावा, जुलै-ऑगस्टमध्ये पानं कापा, पानं पिवळी पडून वाळली की जानेवारी-फेब्रुवारीत कंद काढा. थंडीशी भांडावं लागत नाही, कारण थंडीत ते जागेच नसतात. मिरी आणि व्हॅनिला मात्र झोपत नाहीत. त्यांना बारा महिने ऊब हवी. आमच्या मिरीच्या कुंड्या डिसेंबरात खाली दिवाणखान्यात येतात आणि होळीनंतर वर जातात. सहा कुंड्यांना हे जमतं. पण उत्तर भारतात अर्धा एकर मिरी हिवाळ्यात गरम ठेवायची म्हटलं, तर ती मिरी कितीला पडेल?

आइसलँडचं उदाहरण मी भाच्याला सांगितलं. तिथे जमिनीतून गरम पाणी आपसूक वर येतं. त्या उष्णतेवर हरितगृहं तापवून तिथल्या लोकांनी चक्क केळी पिकवली. १९६०मध्ये सरकारने बाहेरून येणाऱ्या फळांवरचा कर काढला आणि ती केळी बाजारातून गेली. फुकट ऊब असूनही परदेशी केळ्यांपुढे त्यांचा भाव टिकला नाही. तिथल्या एका शिक्षणसंस्थेच्या हरितगृहात ती आजही आहेत, पण तो विद्यार्थ्यांचा आणि अभ्यासाचा विषय आहे. मिरी केरळात आणि कर्नाटकात झाडावर चढून पावसाच्या पाण्यावर येते. हळद सांगलीच्या बाजारात ढिगांनी येते. साधारण पाच किलो ओल्या हळदीची एक किलो सुकी हळद होते. त्या भावाशी तुमच्या पॉलिहाऊसला टक्कर द्यायची आहे, हे कागदावर मांडून बघा.

आता फुलांचं. हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि विकणारे तो कधीच सांगत नाहीत. बंद घरात पाऊस नसतो, वारा नसतो, माशी नसते. मग फळ धरणार कसं?

मिरीचं फूल इतकं बारीक की डोळ्यांना दिसत नाही. लोंबत्या घोसावर वरून खाली पाण्याचे थेंब ओघळतात आणि परागकण खालच्या फुलांपर्यंत नेतात. म्हणून पावसाची रिमझिम मिरीला लागते. माझ्याकडे ते काम स्प्रेची बाटली करते. फुलं येतात त्या दिवसांत रोज सकाळी घोसांवर हलका फवारा मारायचा. कुंडीत मिरी लावायची असेल तर वर चढणाऱ्या वेलाचा तुकडा घेऊ नका. फळं धरणाऱ्या आडव्या फांद्यांपासून केलेली झुडूप मिरी मागा. ती चढत नाही, गुडघाभर उंचीवर राहून दाणे देते. गेल्या वर्षी सहा कुंड्यांतून आमचं वर्षाचं सांबार आणि सासूबाईंचा काढा निघाला, एवढंच.

वेलदोडा आम्ही लावलेला नाही. त्याची फुलं जमिनीलगत येतात आणि त्यांना मधमाश्या लागतात. पपईचं सोपं आहे. एकाच फुलात दोन्ही लिंगं असलेलं झाड मिळालं तर एकटंही फळतं. कृष्णफळात जांभळी जात घ्या. पिवळ्या जातीला दुसऱ्या झाडाचे पराग आणि भुंगा दोन्ही लागतात. अननसाला परागीभवन नकोच, पण धीर पाहिजे, दीड-दोन वर्षांचा. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर काचेच्या घरांत अननस पिकवतात. तिथे सगळी झाडं एकदम फुलावीत म्हणून आत धूर करतात. धुरातल्या इथिलीन वायूमुळे झाड फुलतं. पिकलेल्या सफरचंदातूनही तोच वायू निघतो. अननसाचं झाड चांगलं मोठं झालं की त्याच्याजवळ एक सफरचंद ठेवून वर प्लास्टिकची पिशवी सैल झाकायची. आमच्या दोन झाडांना यानेच फूल आलं. सासूबाईंनी मात्र सफरचंद वाया घालवल्याबद्दल दोन दिवस ऐकवलं.

आणि व्हॅनिला. हा वेल मूळचा मेक्सिकोकडचा, ऑर्किडच्या कुळातला. युरोपातल्या हरितगृहांत तो कित्येक वर्षं नुसता फुलत राहिला, शेंग मात्र धरेना. १८३६मध्ये बेल्जियममधल्या लीज शहरात चार्ल्स मोरेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हाताने परागीभवन करून शेंगा मिळवल्या. पण शेतात झटपट चालेल अशी रीत शोधली ती हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावरच्या एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने, १८४१मध्ये. फुलात नर आणि मादी भागांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. बारीक काडीने तो उचलायचा आणि अंगठ्याने पराग पलीकडे दाबायचे. जगातली बहुतेक व्हॅनिला आजही अशीच, फुलाफुलाला हात लावून होते. त्या मुलाला पुढे गुलामगिरीतून सुटका मिळाली, एडमंड अल्बियस असं नाव मिळालं, पण व्हॅनिलाच्या पैशातलं काही मिळालं नाही. तो गरिबीतच गेला.

फूल उमलतं ते एकाच सकाळी, दुपारपर्यंत कोमेजतं. भाचा आला तेव्हा आमच्या वेलावर शेवटची दोन फुलं राहिली होती. पाचव्या दिवशी पहाटे एक उमललं. मी त्याला उदबत्तीची काडी दिली. त्याचे हात थरथरत होते, दोन मिनिटं लागली. मग मी विचारलं, "अर्ध्या एकरात एका सकाळी किती उमलतील?" त्याने काडी खिशात ठेवली. शेंग वेलावर पिकायला आठ-नऊ महिने, मग ती वाफवणं, उन्हात आणि घोंगडीत घाम काढणं, वाळवणं यात आणखी काही महिने. या शतकाच्या सुरुवातीला केरळ-कर्नाटकात व्हॅनिलाचे भाव असे चढले की लोकांनी शेंगांवर रात्री पहारे ठेवले. मग २००४नंतर भाव कोसळले आणि पुष्कळांनी वेल उपटून टाकले. त्या वेळीही 'माल आम्हीच घेऊ' म्हणणारे होतेच.

सहाव्या दिवशी संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसून कंपनीच्या माणसाला फोन लावला. भाच्याने शांतपणे तीन गोष्टी मागितल्या. गेल्या वर्षी तुम्ही ज्यांचा माल विकत घेतला त्यांच्यापैकी दोघांच्या पावत्या. वीज गेली तर नुकसान कोणाचं, हे करारात लिहून. आणि व्हॅनिलाचं परागीभवन कोण करणार, कोणत्या मजुरीने. पलीकडून उत्तर आलं, "तुम्ही नकारात्मक विचार करता आहात." त्यानंतर त्या माणसाचा फोन आला नाही. सरकारी अनुदानाचंही त्याने आधी पुष्कळ सांगितलं होतं. संरक्षित शेतीच्या सांगाड्याला अनुदान मिळतं, खोटं नाही. पण ते लोखंडाला आणि प्लास्टिकला मिळतं, पिकाला गिऱ्हाईक मिळवून देत नाही.

मग काहीच करायचं नाही का? माझं मत असं की मातीविना पद्धतीचा खरा उपयोग रोपांत आहे. साताऱ्याकडे आल्याचं पीक मोठं, आणि शेतकऱ्याला रडवते ती कंदकूज. रोगट बेणं लावलं की रोग शेतात जातो आणि मातीत मुरतो. कोझिकोडच्या भारतीय मसाला पीक संशोधन संस्थेने एक साधी रीत दिली आहे. आल्याचा पाच-सहा ग्रॅमचा एकच डोळा असलेला निरोगी तुकडा प्रोट्रेमध्ये, कोकोपीट आणि गांडूळखताच्या मिश्रणात लावायचा. सावलीत ३०-४० दिवस वाढवायचा आणि मग शेतात रोप लावायचं. बेणं बरंच कमी लागतं, आणि खराब रोप शेतात जाण्याआधीच दिसतं. याला कूलर नको, जनरेटर नको. सावलीची जाळी, पाण्याचा झारा आणि नीट नजर पुरते.

भाच्याने परसात शंभर ट्रेंची शेडनेट केली आहे. जमिनीवर कर्ज नाही. त्यातल्या चाळीस ट्रे शेजारच्या दोघांनी आगाऊ सांगितल्या, बाकीच्या तो आपल्याच रानात लावणार आहे. चालेल की नाही, ते या हंगामात कळेल. परवा त्याने फोटो पाठवला, बोटभर कोंब आले होते. सासूबाईंनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यांका सलाईन नाय दिसत."

तुम्हाला घरी करून पाहायचं असेल तर एप्रिल उजाडताना बाजारातून फुगीर डोळ्यांचं जून आलं आणा. पातळ सालीचं कोवळं नको. दोन बोटं लांबीचा तुकडा कोकोपीटमध्ये आडवा ठेवा, डोळा वर, अगदी वरवर झाकलेला. भिजत ठेवू नका, कंद पाण्यात बुडला की कुजतो. कोकोपीट आधी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. कोंब यायला महिनाही लागतो, तोवर उकरून बघायचं नाही. आमच्याकडे ही सूचना कागदावर लिहून दारावर चिकटवलेली आहे, आणि ती सासूबाईंसाठी आहे.